बहुभाषिक एसईओच्या परिषदेला जाण्याचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: कंपनीची साइट इंग्रजी, स्पॅनिश आणि जर्मन अशा तीन भाषांत आहे, इंग्रजी सोडून बाकीच्या पानांवर गूगलवरून जवळजवळ कोणी येत नाही, आणि ऑफिस तुम्हाला आंतरराष्ट्रीय एसईओच्या (म्हणजे गूगलसारख्या सर्चमध्ये साइट वर दिसावी यासाठीच्या कामाच्या) परिषदेला पाठवायला तयार आहे. जावं, की भाषणं नंतर यूट्यूबवर बघावीत?

जा. फक्त जाताना आपली साइट चार माणसांना दाखवायची तयारी करून जा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन्ही दिवस पुढच्या रांगेत बसून वहीभर टिपणं काढली होती. एचरेफलँग (कोणतं पान कोणत्या भाषेच्या किंवा देशाच्या वाचकाचं हे गूगलला सांगणारा टॅग) कसा लावायचा, प्रत्येक देशाला वेगळं डोमेन घ्यायचं की एकाच डोमेनखाली फोल्डर करायचे, वगैरे. परत येऊन वही उघडली तर त्यातलं बहुतेक सगळं गूगलच्या स्वतःच्या मदतपानांवर आधीपासून लिहिलेलं होतं. एचरेफलँग २०११ पासून आहे आणि एक्स-डिफॉल्ट, म्हणजे बाकी कोणत्याच भाषेत न बसणाऱ्या वाचकासाठीचं पान सांगणारी त्याची नोंद, २०१३ पासून. तेवढं समजून घ्यायला घरी एक संध्याकाळ पुरते.

दुसऱ्या वेळी मी आमच्या स्पॅनिश पानांच्या प्रिंट काढून नेल्या. चहाच्या सुट्टीत शेजारी मेक्सिकोतून आलेली एक बाई उभी होती, तिला विचारलं, जरा वाचून बघता का? तिने पहिल्याच ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. 'ऑर्देनादोर'. म्हणाली, हे स्पेनमधलं झालं, आमच्याकडे संगणकाला 'कोंपुतादोरा' म्हणतात आणि शोधतानाही तेच टाइप करतात. आमची बहुतेक गिऱ्हाइकं मेक्सिकोतली! भाषांतरात एकही चूक नव्हती, भाषा अगदी शुद्ध होती, पण ज्याला ते पान सापडायला हवं त्याच्या तोंडचा शब्द त्यात कुठेच नव्हता. आपण पानभर 'भ्रमणध्वनी' लिहावं आणि लोकांनी 'मोबाईल' शोधावं, तशातली गत. तोपर्यंत मी त्या पानांचा वेग, टॅग, लिंका सगळं तपासलं होतं. शब्द तपासायचं सुचलं नव्हतं, कारण मला स्पॅनिश येत नाही आणि भाषांतरकार स्पेनचा आहे हे कोणी विचारलंच नव्हतं. परिषदेला जाण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. तुमची साइट ज्या भाषांत आहे, त्या भाषांत जन्मलेली आणि शिवाय सर्च समजणारी माणसं इतक्या संख्येने एका छताखाली दुसरीकडे भेटत नाहीत.

म्हणून जाण्याआधी एक काम करा. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन) परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, देश जर्मनी निवडा, जर्मन फोल्डरचा फिल्टर लावा आणि लोक काय टाइप करून येतात ती यादी छापा. तिथे १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. स्पॅनिशचं तसंच, पण स्पेनची यादी वेगळी आणि मेक्सिकोची वेगळी. मग परिषदेत भेटणाऱ्या माणसाला इतकंच विचारा, की यातला कोणता शब्द तुमच्या घरात कोणी बोलेल? (आकडे बाहेर दाखवायला ऑफिसची परवानगी आधी घ्या. क्लिकचे रकाने झाकले तरी चालतं, शब्द दिसले पाहिजेत.)

परिषद निवडताना कार्यक्रमपत्रिकेत साइट क्लिनिक आहे का बघा, म्हणजे अनुभवी माणूस तुमच्यासमोर तुमची साइट उघडून बघतो तो तास. आमची साइट अशाच तासात सुधारली. त्या माणसाने स्पॅनिश पानाचा सोर्स उघडला, आणि कॅनॉनिकलमध्ये, म्हणजे सारख्या पानांतलं मूळ पान कोणतं हे सांगणाऱ्या टॅगमध्ये, इंग्रजी पानाचा पत्ता होता. प्रत्येक स्पॅनिश पानावर तेच. म्हणजे एचरेफलँगमधून आम्ही गूगलला सांगत होतो की हे स्पॅनिश वाचकांचं पान, आणि कॅनॉनिकलमधून सांगत होतो की खरं पान इंग्रजीच धरा. साइट बांधून देणाऱ्या एजन्सीने एकच साचा सगळीकडे वापरला होता आणि वर्षभर ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण त्या वर्षात लेखनावर माणसांनी मनापासून मेहनत घेतली होती. प्रत्येक भाषेच्या पानाचा कॅनॉनिकल त्याच पानाकडे हवा, आणि एचरेफलँग दोन्ही बाजूंनी हवा. इंग्रजी पान जर्मनकडे बोट दाखवतं पण जर्मन परत दाखवत नाही, असं असेल तर गूगल ती जोडी सोडून देऊ शकतं. एचरेफलँगमधले भाषेचे आणि देशाचे कोडही बघून घ्या: ब्रिटनसाठी 'ईएन-जीबी' लागतो, 'ईएन-यूके' चालत नाही, आणि नुसता 'यूके' हा भाषेचा कोड म्हणून युक्रेनियनचा आहे.

बायडू (चीनचं सर्च इंजिन), नेव्हर (कोरियाचं) वगैरेंवरची सत्रं तुमची कंपनी चीन किंवा कोरियात विकत नसेल तर सोडा. बिंगबद्दलचं एक सत्र मात्र ऐका, कारण तिथे एचरेफलँगला फार वजन नाही, पानाची भाषा सांगणारा कंटेंट-लँग्वेज टॅग जास्त उपयोगी पडतो. सर्च कन्सोलमधला इंटरनॅशनल टार्गेटिंग रिपोर्ट, ज्यात एचरेफलँगच्या चुका दिसायच्या, २०२२ मध्ये बंद झाला. जो वक्ता अजून तोच उघडायला सांगतो, त्याच्या सत्रातून उठून बाहेर चाललेल्या गप्पांत जा.

तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय की साइट पाहुण्याचा देश ओळखून त्याला आपोआप त्याच्या भाषेत नेते. मला खरी शंका तिथेच येते. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) येतो. तुमची साइट त्याला अमेरिकन पाहुणा समजून दर वेळी इंग्रजीकडे वळवत असेल, तर जर्मन पानं त्याने वाचलीच नसतील. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये एका जर्मन पानाचा पत्ता टाका, लाइव्ह टेस्ट चालवा आणि कोणतं पान उघडतं ते बघा. गूगलने कोणता पत्ता कॅनॉनिकल मानलाय ते लाइव्ह टेस्टमध्ये नाही, तर तिच्या आधी दिसणाऱ्या इंडेक्सच्या निकालात दिसेल. असं आपोआप वळवणं (रिडायरेक्ट) सापडलं तर काढून टाका आणि त्या जागी भाषा बदलायची साधी लिंक द्या. हे तिकीट काढण्याआधीच करून घ्या, म्हणजे क्लिनिकमधली तुमची पंधरा-वीस मिनिटं जर्मन आणि स्पॅनिश शब्दांसाठी मोकळी राहतील.