वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठांचा संगणकवर्ग

प्रश्न : इंदूरच्या रामबाग भागात आम्ही सत्तरीपुढच्या बारा जणांना संगणक शिकवतो. पंधरा दिवस झाले, तरी निम्म्यांना डबल क्लिक जमत नाही. फाइल उघडायची सोडून तिचं नाव निळं होतं, नाहीतर चित्र भलतीकडेच सरकतं.
– एक शिक्षिका

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत. दोन क्लिकमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ गेला, की विंडोज त्यांना सुटे क्लिक धरतं. दुसरा क्लिक नावावर पडला तर नाव बदलायची चौकट उघडते. एस्केप दाबलं की नाव होतं तसंच राहतं. म्हणून क्लिक चित्रावरच करायला सांगा, खालच्या अक्षरांवर नको. चित्र सरकतं ते बटण दाबलेलं असताना हात हलल्यामुळे. कोपरापासून मनगटापर्यंत हात टेबलावर टेकलेला हवा. खुर्ची बुटकी असेल तर उशी द्या.

कंट्रोल पॅनेलमध्ये 'माउस' उघडून डबल क्लिकच्या वेगाची पट्टी 'स्लो'कडे न्या. शेजारच्या फोल्डरच्या चित्रावर लगेच करून बघता येतं. तरीही बोटं आखडलेली असतील, हात थरथरत असेल, तर डबल क्लिकचा हट्ट सोडाच. चित्रावर एकदा क्लिक करायचं आणि एंटर दाबायचं. काम तेच होतं.

अक्षरं लहान वाटत असतील तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल 125 किंवा 150 टक्के ठेवा. आणि कृपा करून त्यांच्या हातातला माउस काढून घेऊ नका. कुठे क्लिक करायचं ते पडद्यावर बोटाने दाखवा, वेळ लागला तरी चालेल.

प्रश्न : पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे, पण वडिलांचा अंगठा मशीन घेत नाही.
– एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात. अशा वेळी चेहऱ्यावरून दाखला काढावा. अँड्रॉइड फोनवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप्स घ्या. फोन वडिलांचाच हवा असं नाही. आधी तुम्ही स्वतःच्या आधारवर ऑपरेटर (दाखला काढून देणारा) म्हणून नोंद करा, मग वडिलांचा आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खातं भरा. उजेड चेहऱ्यावर पडू द्या. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळवंडतो आणि नोंद अडते. ॲपने सांगितलं की वडिलांनी डोळ्यांची उघडझाप करायची. केंद्राच्या पेन्शनरांसाठी मुदत नोव्हेंबरची, ऐंशीच्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.