इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स भागातल्या जुन्या दगडी घराच्या दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) पुन्हा सिमेंटनंच भराव्यात का?

नको, सिमेंट नको. घर सतराव्या शतकातलं आहे आणि बाहेरून सिमेंटनं दर्जा भरल्यापासून आत ओल वाढली, असं तुम्ही लिहिलंय. ओलीचं मूळ बहुधा त्या सिमेंटमध्येच आहे.

तिकडची भिंत साधारण 50 ते 70 सेंटिमीटर जाड असते, पण एकसंध नसते. बाहेर दगडांचा एक थर, आत दुसरा, मध्ये चिपा आणि मातीचा भराव. दोन्ही थर फाकू नयेत म्हणून अधूनमधून आरपार लांब दगड घातलेले असतात; त्यांना तिथे ‘थ्रू’ म्हणतात. अशी भिंत पावसाचं पाणी थोडं पिते आणि उघडीप मिळाली की मुख्यतः चुन्याच्या दर्जांमधून सोडते. सिमेंटनं ती वाट बुजते. मग पाणी वाळूदगडातच मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दर्जा शाबूत आणि दगड आत झिजलेला दिसला, तर हेच झालंय.

दर्जांना हात लावण्याआधी वर बघा. छपराच्या दगडी फरश्या वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जातात. जुन्या छपरात त्या लाकडी खुंट्यांनी रिपांवर अडकवलेल्या असतात. खुंटी कुजली की फरशी सरकते आणि पाणी थेट भिंतीच्या भरावात उतरतं. खिडकीवरची, पावसाचं पाणी बाजूला टाकणारी दगडी पागोळपट्टी फुटली असेल तर तीही दुरुस्त करा. हे राहिलं तर चुना भरूनही ओल जाणार नाही.

घर ऐतिहासिक इमारतींच्या संरक्षित यादीत असेल तर स्थानिक नियोजन प्राधिकरणाला आधी विचारा; नॅशनल पार्कच्या हद्दीत ते काम कौन्सिल नव्हे, पार्कचं प्राधिकरण बघतं. यादीतल्या घराचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं तिथे फौजदारी गुन्हा आहे.

सिमेंट छन्नी-हातोडीनं काढा. ग्राइंडर घसरला की दगडाची कड जाते, आणि ती परत येत नाही. दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर खोल जा. दर्ज धुऊन ओली ठेवा. गाऱ्यासाठी नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यानं घट्ट होणारा), 3.5 प्रतीचा, एक भाग आणि कणीदार वाळू अडीच भाग; दगड मऊ असेल तर 2 प्रतीचा, म्हणजे आणखी मऊ चुना. गारा दगडापेक्षा मऊच हवा. गारा दगडाच्या चेहऱ्यावर पसरू देऊ नका. भरलेल्या दर्जांवर ओलं गोणपाट काही दिवस टांगा. पारा 5 अंशांखाली जाण्याची शक्यता असेल तर काम थांबवा, कारण कच्चा चुना गोठला की भुगा होतो.

आतला प्लास्टिक पेंटही खरवडा. एवढी जाड भिंत वाळायला वर्षाहून जास्त लागू शकतं, तोवर आतून नवा गिलावा चढवू नका.