न्यू जर्सीत घरामागे भाजीसाठी ग्रीनहाऊस घ्यावं की कोल्ड फ्रेम?

तुमचा प्रश्न वाचला. एडिसनला नवीन घर, मागे बऱ्यापैकी यार्ड, बजेट हजार-बाराशे डॉलर, मेथी-कोथिंबीर-पालक थंडीत पण मिळावी, मिरची-वांग्याची रोपं घरचीच व्हावीत आणि सासूबाईंनी दिलेला कढीपत्ता जगावा, एवढं तुम्ही लिहिलंय. तर आधी कोल्ड फ्रेम, म्हणजे पारदर्शक झाकणाची बुटकी पेटी, ती करा. ग्रीनहाऊस दोन हिवाळे काढल्यावर, तेव्हाही वाटलं तर. मी बरोबर उलटं केलं होतं म्हणून सांगतेय.

आम्ही निफाडकडचे. थंडी म्हणजे पारा चार-पाचवर उतरला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवायच्या, एवढी माहिती, त्यामुळे मला उगाच वाटायचं की थंडी आपल्याला कळते. इथे जानेवारीत रात्री २०-२५ फॅरेनहाइट सर्रास, म्हणजे उणे चार ते उणे सात सेल्सिअस, आणि ते पण एक-दोन रात्री नाही, ओळीने कितीतरी. आम्ही पहिल्याच वर्षी हौसेने सहा बाय आठ फुटांचं ग्रीनहाऊसचं किट आणलं, अॅल्युमिनियमची फ्रेम आणि चार एमएमचं दुहेरी पॉलीकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकची शीट), दोन वीकेंड नवरा आणि मी पाना घेऊन भांडत ते उभं केलं. आत मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर टांगला. जानेवारीत एका सकाळी बघितलं तर रात्रीचं बाहेरचं मिनिमम १९ फॅरेनहाइट आणि आतलं २२. तीन डिग्री! एवढा खर्च करून तीन डिग्री.

कारण साधं आहे, दिवसा ऊन आत येतं तेव्हा मस्त गरम होतं पण त्या पातळ भिंती आणि छत चारी बाजूंनी उघड्यावर, आत हवा भरपूर आणि ती धरून ठेवणारं काही नाही, त्यामुळे सूर्य मावळला की तासा-दोन तासात सगळं बाहेरच्यासारखं. हीटर लावा म्हणतात लोक. १५०० वॉटचा हीटर रात्रीचे बारा तास चालला तर १८ युनिट, महिन्याचे ५४०. युनिटला २० सेंट धरले तरी १०८ डॉलर होतात, तुमच्या बिलावरचा दर बघून स्वतःच गुणा. कडक थंडीत तो थर्मोस्टॅट बंद व्हायचं नावच घेत नाही. एवढ्यात पटेलच्या देशी किराणा दुकानातून आठवड्याला पिशवी भरून मेथी येते हो. शिवाय मार्चमध्ये वाऱ्याने आमची दोन पॅनल उडाली, एक शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवर सापडलं. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की तुमचं अँकरिंग नीट नसेल.

आता कोल्ड फ्रेम. नाव मोठं आहे पण वस्तू म्हणजे बिनतळाची लाकडी पेटी, मागची फळी १८ इंच, पुढची १२ इंच आणि वर पारदर्शक झाकण, उतार दक्षिणेकडे. माझी तीन बाय सहा फुटांची आहे, झाकणाला त्या उडालेल्या पॅनलपैकीच एक कापून लावलंय. लोक जुन्या खिडक्या वापरतात, दिसतात पण छान, फक्त १९७८ च्या आधीच्या घरातल्या असतील तर रंगात शिसं असू शकतं, ते पापुद्रे मेथीच्या वाफ्यात पडायला नकोत. पेटी बुटकी, आतली हवा थोडी आणि खालून जमिनीची ऊब, त्यामुळे रात्री ती मोठ्या ग्रीनहाऊसपेक्षा बरी टिकते. आणि मुख्य म्हणजे तिला पांघरूण घालता येतं! मी कडाक्याच्या रात्री जुनं कम्फर्टर टाकते आणि ते भिजू नये म्हणून वर ताडपत्री, चार विटा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे भाजीला गोधडी घालतेस होय. ग्रीनहाऊसला कोण गोधडी घालणार.

पण पेटीतली रोपं थंडीने मरतात असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाहीये, माझी मेली ती उन्हाने. एप्रिलचा शेवट, बाहेर फक्त ६२ डिग्री, छान कोवळं ऊन. मिरचीची ४० एक रोपं बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून पेटीत ठेवली होती, सकाळी घाईत झाकण उघडायचं राहिलं आणि मी ऑफिसला. साडेपाचला येऊन झाकण उचललं तर आतून चेहऱ्यावर कुकरसारखी वाफ आली आणि रोपं ट्रेच्या कडेवर लोळलेली, पानं पालक वाफवल्यावर होतात तशी काळपट हिरवी आणि ओली. आठ आठवडे बेसमेंटमध्ये जपलेली रोपं एका दिवसात गेली. त्या रात्री मी जेवले नाही, खोटं नाही सांगत.

म्हणून तुम्ही दोघं जर ऑफिसला जात असाल तर झाकण आपोआप उघडणारा ओपनर आधी घ्या, साधारण पन्नासेक डॉलरला मिळतो. त्याला वीज लागत नाही, एका नळीत मेण असतं, ते गरम झालं की फुगतं आणि दांडा पुढे ढकलून झाकण उचलतं, गार झालं की परत खाली. जोराच्या वाऱ्यात झाकण उलटं पडू नये म्हणून एक साखळी लावा. ग्रीनहाऊसलाही हीच भानगड आहे बरं का, फेब्रुवारीत भर थंडीत आमच्या आत दुपारी ९५ झालेलं मी पाहिलंय.

जागा बघताना सावली आत्ता बघू नका, डिसेंबरची डोळ्यासमोर आणा. इथे न्यू जर्सीत डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम २६ अंश चढतो, म्हणजे सहा फुटी कुंपणाची सावली बारा फुटांवर जाते. ऑगस्टमध्ये लख्ख ऊन असलेला कोपरा तेव्हा दिवसभर अंधारात असतो, माझी पहिली पेटी अशीच चुकीच्या ठिकाणी बसली होती.

आणि आता जे कोणी आधी सांगत नाही ते. नोव्हेंबरच्या मध्यापासून साधारण जानेवारीच्या शेवटापर्यंत इथे दिवस दहा तासांपेक्षा लहान असतो आणि तेवढ्या उजेडात भाजी वाढत नाही, वर कितीही ऊब द्या. अमेरिकेतल्याच मेन राज्यात थंडीत भाजी काढणारे एलियट कोलमन हेच घसा कोरडा करून सांगत आलेत. म्हणजे काय, भाजी त्याच्या आधीच काढणीला आलेली पाहिजे आणि मग ती पेटीत नुसती ताजी राहते, जसा काही अंगणातला फ्रीज. माझ्याकडे मेथी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळते मग माना टाकते, कोथिंबीर त्याहून चिवट, आणि पालक तर महाबिलंदर, बर्फात चिरडल्यासारखा दिसतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा उभा राहतो, तेव्हाची त्याची पानं इतकी गोड असतात की माझा मुलगा कच्ची खातो. हरणं पण बंद झाकणापुढे हात टेकतात, हा वेगळा फायदा. फक्त तळाशी पाव इंची जाळी ठोका, नाहीतर व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर आत संसार थाटतात.

मिरची-वांग्याची रोपं मात्र दोन्हीत होत नाहीत, निदान मार्चमध्ये नाही, त्यांना उगवायलाच माती ८० फॅरेनहाइटच्या आसपास लागते. त्यासाठी बेसमेंटमध्ये एक रॅक, साधे एलईडी शॉपलाइट आणि खाली हीट मॅट, मार्चच्या सुरुवातीला बी टाका, मे उजाडताना दहा-बारा दिवस कोल्ड फ्रेममध्ये सवय करा (झाकण उघडून!!) आणि मेच्या मध्याला जमिनीत. कढीपत्त्यासाठी तर ग्रीनहाऊस घेऊच नका, तो दक्षिणेच्या खिडकीत ठेवायचा, पाणी कमी करायचं, पानं गळाली तर घाबरायचं नाही आणि सासूबाईंना फोटो मार्चनंतरच पाठवायचा.

ग्रीनहाऊस वाईट असं नाही म्हणत मी. एप्रिलमध्ये बाहेर पाऊस कोसळत असताना आत खुर्ची टाकून चहा पिणं आणि कुंड्या भरणं यासारखं सुख नाही, उभं राहून काम करता येतं, पाठ धरत नाही, रिटायर्ड माणूस घरी असेल आणि दुपारी दारं-खिडक्या उघडणारं कुणी असेल तर घ्यावं जरूर. पण तेव्हा जरा जाड शीटचं, घराच्या भिंतीला चिकटून असलेलं घ्या आणि त्याआधी टाउनशिपच्या झोनिंगला (कुठे काय बांधता येतं ते ठरवणारं खातं) आणि एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर त्यांना विचारा, आमच्या ओळखीतल्या एकांना उभं केलेलं उतरवावं लागलंय. आमचं ग्रीनहाऊस आता मे ते ऑक्टोबर टोमॅटोला आणि उरलेलं वर्ष मुलांच्या सायकलींना.

आणि हो, तुम्ही प्रश्न ऑगस्टच्या शेवटी विचारलाय म्हणून, पेटी ऑक्टोबरपर्यंत झाली तरी चालेल पण बी थांबणार नाही. येत्या पंधरा दिवसांत पालक आणि मेथी पेरून टाका, किराण्यातल्या पाकिटातली मेथी चालते, धणे मात्र लाटण्याखाली हलकेच रगडून दोन फाकी करून घ्या. पेरताना तीन बाय सहाचीच जागा आखा, म्हणजे नंतर पेटी नुसती वर आणून ठेवता येईल.