कोकणात समुद्रालगत प्लॉट घ्यायचा आहे. किनारा सरकारच्या कोणत्या खात्याकडे असतो आणि बांधकामाची परवानगी नेमकं कोण देतं?

तुम्ही पाचोऱ्याचे. मामांना श्रीवर्धनच्या बाजूला समुद्राला लागून काही गुंठे मिळतायत, एजंट म्हणतो "सीआरझेडचं आम्ही बघून घेऊ" (सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतचा, बांधकामावर बंधनं असलेला पट्टा), आणि तिकडे नाहीच जमलं तर सुरतजवळ डुमसला बघायचं चाललंय. मी अमळनेरचा, भूमी अभिलेखमधून निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षं रायगड जिल्ह्यात मोजणीवर गेली. जळगाव-धुळ्याकडचे ओळखीचे लोक हाच प्रश्न घेऊन अजूनही फोन करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अख्खा किनारा सांभाळणारं एकच खातं नाही. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभाग देतो, तोच जो आपल्याकडे धरणांतल्या मासेमारीचे ठेके देतो. धक्के, लहान बंदरं आणि प्रवासी बोटी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड बघतं. कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारं तिवरांचं जंगल, वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे. वाळू आणि सरकारी जमीन महसूलकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात काय बांधता येईल, काय नाही, हे बघायला महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आहे. फायलींवर आणि बोलण्यात सगळे त्याला एमसीझेडएमए म्हणतात. मामांचा संबंध मुख्यतः याच्याशी.

हे प्राधिकरण राज्याच्या पर्यावरण विभागात बसतं आणि पर्यावरण खात्याचे सचिव त्याचे अध्यक्ष असतात. मात्र ते नेमतं केंद्र सरकार, १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. नियमही दिल्लीचेच: पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची, मग २०११ची, आणि आताची १८ जानेवारी २०१९ची. त्यामुळे "मंत्रालयात आपली ओळख आहे" असं कोणी म्हणालं तर चहा पाजा आणि विषय बदला. ज्या नियमात सूट मागायची तो नियम मंत्रालयाचा नाहीच.

आपल्या माणसाला हे पटकन समजायचं तर नदीकाठची पूररेषा आठवा. तापी, गिरणेच्या काठी पाटबंधारेवाले निळी आणि लाल रेषा आखतात, पंचवीस वर्षांतून आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि बांधकामाचा निकाल त्या रेषेवर लागतो. समुद्रकाठी तसंच काम भरतीरेषेचं. उधाणाच्या भरतीला पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं ती ही रेषा. तिथून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेड. मामा डिसेंबरात शनिवार-रविवार बघून जागा पाहायला जातील, ओहोटी असेल, समुद्र लांब दिसेल, एजंट पावलं मोजून दाखवेल. त्या पावलांना काही अर्थ नाही. भरतीरेषा नकाशावर आखलेली असते, चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारी व्यवस्थापन केंद्राने, आणि तीच धरली जाते.

दुसरी गंमत खाडीची. रेषा फक्त समुद्रासमोर नसते, भरतीचं पाणी खाडीतून आत जाईल तितकी तीही आत जाते. उन्हाळ्यात, सगळ्यात कोरड्या दिवसांत, पाण्यातला खारटपणा हजारी पाच भाग असतो तिथवर खाडी धरतात. २०११च्या नियमात खाडीच्या काठाला १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यात जे कमी असेल ते. २०१९मध्ये ते १०० चं ५० झालं. त्यामुळे गावाच्या मागच्या अंगाला, जिथून समुद्र दिसतही नाही, तिथला प्लॉटही सीआरझेडमध्ये निघतो. लोक इथेच फसतात, कारण "समुद्रापासून लांब घेतलाय" म्हणून निर्धास्त असतात.

आणि खाजण. भाताच्या खाचरांसाठी जुन्या लोकांनी बांध घालून खारं पाणी अडवलेलं असतं. बांध किंवा उघडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) १९ फेब्रुवारी १९९१च्या आधीची असेल तर २०१९च्या नियमाप्रमाणे भरतीरेषा त्या बांधावरच थांबते. नंतरची असेल तर नाही. विकणारा प्रत्येक बांध आजोबांच्या काळातला म्हणून सांगतो. कागद मागा. शिवाय खाजणात तिवरं उगवली असतील तर बांधाचा मुद्दा बाजूलाच राहतो. कांदळवन म्हणजे सीआरझेड एक-अ, सगळ्यात कडक वर्ग. १००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा सोडावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या निकालात कांदळवनाची तोड म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग असं म्हटलंय, आणि खाजगी जमिनीवरच्या कांदळवनालाही ते लागू आहे. तेव्हा "झाडं तोडून देतो साहेब" म्हणणाऱ्याकडून जागा घेणं म्हणजे गुन्हा विकत घेणं.

आता वर्ग. एक-अ मध्ये कांदळवन, वाळूच्या टेकड्या, कासवं अंडी घालतात ते किनारे वगैरे. एक-ब म्हणजे भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली जागा. दोन म्हणजे आधीच वसलेला शहरी भाग. चार म्हणजे पाणी, समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत. मामांचं गाव जवळजवळ नक्की तीनमध्ये, ग्रामीण भागात. तीनचे २०१९मध्ये दोन भाग झाले. २०११च्या जनगणनेत जिथे लोकवस्ती चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा दाट, तो तीन-अ, आणि तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकाम बंद. बाकी सगळा तीन-ब, तिथे २०० मीटर बंद. एजंट छातीठोकपणे "आता फक्त ५० मीटर सोडायचे" म्हणतात ते या तीन-अ च्या जिवावर. पण २१६१ हा आकडा केवढा आहे बघा. आपल्या जळगाव जिल्ह्याची घनता त्या जनगणनेत ३६०च्या घरात होती, रत्नागिरीची २००च्याही आत. कोकणातलं नारळी-पोफळीत पसरलेलं गाव त्यात बसणं अवघड. वर ही सवलत २०१९च्या नियमांप्रमाणे केलेला नकाशा मंजूर झाल्यावरच लागू होते, तोवर २०११चेच नियम चालतात. म्हणून नकाशा कोणत्या अधिसूचनेचा, हे आधी बघायचं.

या बंद पट्ट्यात शेती, बाग चालते. असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण जोत्याचं क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. मच्छीमार आणि पारंपरिक किनारी समाजाला घरासाठी वेगळी वाट ठेवली आहे. मामा पाचोऱ्याचे, त्यांना ती लागू नाही, आणि कोळ्याच्या नावावर घर बांधून आपण राहायचं असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. पट्ट्याच्या पलीकडे, ५०० मीटरच्या आत, घर बांधता येतं, पण नऊ मीटर उंची आणि तळमजल्यावर एक मजला इतकंच, तेही गावठाण, कोळीवाडा अशा पारंपरिक हक्काच्या आणि वहिवाटीच्या चौकटीत. ही चौकट बाहेरच्या माणसाला किती ताणता येते यावरच तर सगळे वाद होतात. माझं मत विचाराल तर बाहेरच्याने ती ताणायच्या फंदात पडू नये. ५०० मीटरच्या पलीकडे घर बांधा आणि समुद्रावर चालत जा.

एजंटांच्या पोतडीत आणखी एक वाक्य असतं: "३०० चौरस मीटरच्या आतल्या घराला एमसीझेडएमएकडे जावंच लागत नाही." वाक्य खरं आहे, अर्धं. २०१९च्या अधिसूचनेत स्वतःच्या राहत्या घराला तेवढ्या क्षेत्रापर्यंत स्थानिक प्राधिकरण परवानगी देऊ शकतं, वरची शिफारस लागत नाही. पण त्या स्थानिक प्राधिकरणाने प्रस्ताव सीआरझेडच्या नियमांत तपासूनच सही करायची असते. फाईलचा प्रवास वाचतो, बंद पट्टा उघडत नाही. आणि तीन खोल्या भाड्याने द्यायचा बेत असेल तर ते राहतं घर म्हणून किती टिकेल हे मामांनाच विचारा. हॉटेल-रिसॉर्टला सरळ सरळ परवानगी लागते.

मोठ्या कामाची वाट अशी: अर्ज, त्यासोबत मान्यताप्राप्त संस्थेने १:४००० प्रमाणात केलेला नकाशा, त्यावर तुमच्या गटाच्या हद्दी बसवलेल्या. अशा मोजक्याच संस्था आहेत, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली एक, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था वगैरे. गावातल्या आर्किटेक्टने काढलेला नकाशा इथे चालत नाही. मग प्राधिकरणाच्या बैठकीत विषय येतो. कागद पूर्ण असतील तर ६० दिवसांत तपासणी व्हावी असं नियम म्हणतो. दोन आणि तीन वर्गातलं काम असेल तर मंजुरी राज्यातच, एक आणि चारमधलं असेल तर प्राधिकरण फक्त शिफारस करतं आणि फाईल दिल्लीला जाते. बैठकीचे इतिवृत्त प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकतात. सवड असेल तर दोन-चार वाचा. कोणत्या कारणाने प्रस्ताव परत जातात ते कुठल्याही एजंटपेक्षा चांगलं कळतं.

सातबारा बघून मात्र यातलं काही कळत नाही. सातबारा मालकी आणि पीक सांगतो, सीआरझेडचा शेरा त्यावर सहसा नसतो. जमीन बिनशेती झालेली आहे, हेही उत्तर नव्हे. बिनशेती आदेश महसूलचा, त्याने किनाऱ्याचा नियम हटत नाही. मामांनी इसार देण्याआधी गट नंबर घेऊन नगर रचना कार्यालयातून झोन दाखला काढावा, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा त्या गावाचा मंजूर नकाशा उतरवून घ्यावा, आणि मोजणीचा नकाशा त्यावर जाणकाराकडून बसवून बघावा. विहीर-बोअरचंही तेव्हाच विचारा: भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपशावर बंधन आहे, कारण गोडं पाणी ओढलं की खालून खारं शिरतं आणि शेजाऱ्याची विहीर बाद होते.

"शेजारी दोन बंगले उभे आहेत, त्यांना कुठे कोणी हात लावला?" हा प्रश्न पुढे येणारच. खरं आहे, बरेच उभे आहेत. प्राधिकरण बसतं मुंबईत, आणि गावोगाव फिरायला त्याची स्वतःची फौज नाही. प्रत्यक्ष लक्ष ठेवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीचं, तिच्यात स्थानिक मच्छीमारांचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. नोटीस, पंचनामा, पाडकाम हे सगळं शेवटी तहसील आणि प्रांतांच्या डोक्यावर येतं, आणि त्यांच्याकडे निवडणूक, टंचाई, अतिवृष्टीचे पंचनामे आधीच असतात. व्यवस्थेची ही खरी दुबळी बाजू: नियम बारीक, माणसं थोडी. पण तक्रार झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात किंवा पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात गेलं की चक्र फिरतं. किहीमच्या किनाऱ्यावरचा फरार हिरे व्यापाऱ्याचा आलिशान बंगला मार्च २०१९मध्ये रायगडच्या प्रशासनाने स्फोटकं लावून पाडला. शेजारचा वाचला म्हणून तुमचा वाचेल, हा हिशोब त्यामुळे धरू नका. पर्यावरण कायद्यातला दंडही आता १५ लाखांपर्यंत जातो.

वाळूबद्दल एक, कारण आपण गिरणेचे लोक. बांधकामाला किनाऱ्यावरची वाळू उचलू असा विचारही नको. किनाऱ्यावरून वाळू काढायला सीआरझेडमध्ये बंदी आहे. खाडीत साचलेले वाळूचे पट्टे पारंपरिक लोकांनी हातपाटीने, यंत्राशिवाय काढायला तेवढी वाट आहे, आणि तीही परवान्यानेच.

मासेमारीचं तुम्ही विचारलं नाही, तरी थोडक्यात: १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा १९८१चा सागरी मासेमारी कायदा चालतो, त्यापुढे केंद्र. २०२१च्या दुरुस्तीने एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांचे दंड लाखांत गेले. पावसाळ्यात दोन महिने यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा जूनमध्ये जागा बघायला जाऊन ताजी सुरमई खायची असेल तर बेत बदला.

राहिलं डुमस. नंदुरबार-नवापूरकडच्यांना खरा जवळचा समुद्र तोच, आणि आपली तापी तिथेच मिळते, म्हणून तो घरचाच वाटतो. पण तिथे महाराष्ट्राच्या प्राधिकरणाचा काही संबंध नाही. अधिसूचना देशभर एकच असली तरी नकाशे आणि परवानग्या गुजरातच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, गांधीनगरला. तापीच्या मुखाकडे भरतीचं पाणी नदीतून आत येतं, त्यामुळे तिथला नदीकाठचा प्लॉटही वर सांगितलेल्या खाडीच्या नियमात येऊ शकतो. त्यासाठी सुरतेतला, तिथले महसुली कागद रोज हाताळणारा वकील बघा; रायगडचे कागद वाचलेल्या माझ्यासारख्याचा तिथे उपयोग नाही.