रोबोटशेजारी उभं राहताना
आयटीआय करून चाकणला लागलास, बरं झालं. वेल्डिंग रोबोट करतोय म्हणून हातातली कला सोडू नकोस. टीच पेंडंटवर, म्हणजे रोबोटला हालचाल शिकवायच्या हातातल्या पॅनेलवर, पॉइंट देणाऱ्याला टॉर्चचा कोन, वायरचा वेग, सांध्यातली फट कळावीच लागते. नाहीतर रोबोट तीच चूक दिवसभर न थकता करत राहतो. लाइन थांबली की आधी पीएलसीच्या, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, इनपुटचा दिवा बघ. माझ्या अनुभवात बहुतेकदा प्रोग्राम ठीकच असतो, वस्तू जवळ आली की ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचा उडालेला धातू, बसलेला असतो किंवा केबल तुटलेली. मल्टिमीटरने 24 व्होल्ट मोजायला शीक, मग लॅडर डायग्राम, म्हणजे पीएलसीचा आकृतीतला प्रोग्राम, वाचायला. इंग्रजी मॅन्युअलला घाबरू नकोस, रोज एक पान पुरे. आणि सेलमध्ये, म्हणजे रोबोटच्या कुंपणाच्या आत, शिरताना लॉकआउटचं, म्हणजे वीज बंद ठेवणारं, कुलूप स्वतः लाव, किल्ली स्वतःच्याच खिशात ठेव. सुपरवायझरने कितीही घाई केली तरी.