ब्रॉयलर पिल्लांना हळद, शेवगा, आवळा दिल्याने खरंच प्रतिकारशक्ती वाढते का?

काही प्रमाणात, हो. पण लसीची जागा हळद घेऊ शकत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ५ ते ७ व्या दिवसाची लासोटा (राणीखेत रोगाची लस) आणि दुसऱ्या आठवड्यातली गंबोरो रोगाची लस चुकवू नका. गंबोरोचा विषाणू पिल्लाच्या शेपटीजवळच्या बर्सा ग्रंथीवरच घाला घालतो. प्रतिकारशक्तीचा मोठा भाग तिथेच घडतो. ती ग्रंथीच गेली, तर कोणताही पाला काय करणार?

हळदीतलं कर्क्युमिन आतड्याची सूज कमी करतं. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरकडची वायगाव हळद असेल तर उत्तमच. किलोभर खाद्याला ५ ग्रॅम पुरे. शेवग्याचा पाला सावलीत वाळवा, उन्हात त्यातलं जीवनसत्त्व जातं. कोंबडी क जीवनसत्त्व स्वतः तयार करते, पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की ते कमी पडतं. तेव्हा आवळा कामी येतो.

खरी भीती बुरशीची आहे. पावसाळ्यात हळदीची, पाल्याची पूड मुठीत दाबून पाहा. गोळा झाला, कुबट वास आला तर सरळ फेकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष प्रतिकारशक्ती उलट कमी करतं. मागच्या श्रावणात ओलसर पाला मिसळून मी पिल्लं गमावली, अजून जीव हळहळतो.

लसीच्या दिवशी पाण्यात अर्क, ब्लीचिंग काहीच नको. कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर सुपरवायझरला विचारूनच खाद्यात काही मिसळा, भाऊ.