वाचकांचे प्रश्न : कांद्याची मुळे, मटकीचे श्वसन आणि मेंडेलचे आकडे

माध्यमिक शाळांतल्या जीवशास्त्राच्या प्रयोगांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : दहावीच्या वर्गाला सूत्री विभाजन (एका पेशीच्या तशाच दोन पेशी होणे) दाखवण्यासाठी कांद्याची मुळे कापून अॅसिटोकार्मिन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या लाल रंगात ठेवली आणि स्लाइड केल्या. लांबट पेशी आणि त्यांत फिकट लालसर ठिपके दिसतात. गुणसूत्रे एकाही स्लाइडमध्ये दिसली नाहीत. काय चुकते?

उत्तर : पेशी लांबट दिसतात म्हणजे तुम्ही मुळाचा वरचा भाग घेतला आहे. विभाजन चालते ते टोकाच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरमध्ये. त्याच्या वर पेशी फक्त लांब होत असतात. कापलेले मूळ बशीत पडले की दोन्ही टोके सारखीच वाटतात आणि मुले नेमके उलटे टोक घेतात. निमुळते आणि जरा अपारदर्शक दिसते ते खरे टोक, कापलेली बाजू सपाट असते. रंगात ठेवल्यावर खरे टोक बाकीच्या मुळापेक्षा गडद होते, तीही एक खूण.

आता सुरुवातीपासून पाहू. कांद्याची वरची सुकी साले काढा. बुडाची जुनी वाळकी मुळे ब्लेडने खरवडा, पण तबकडीला इजा होऊ देऊ नका, कारण नवी मुळे तिच्यातूनच फुटतात. कांदा पेल्याच्या तोंडावर असा बसवा की पाणी फक्त बुडाला टेकेल. जास्त बुडाला तर कांदा कुजतो. पाणी रोज बदला. तीन ते सहा दिवसांत मुळे दोन-तीन सेंटिमीटर होतात. हीच वेळ साधायची, कारण पिवळट पडलेल्या जुन्या मुळांत विभाजन मंदावलेले असते.

मुळे सकाळी ८ ते १० च्या दरम्यान कापावीत, त्या वेळी विभाजन जोरात असते. शाळा दुपारची असली तरी अडचण नाही. कापल्या कापल्या मुळे ग्लेशियल अॅसेटिक आम्ल १ भाग आणि अल्कोहोल ३ भाग या मिश्रणात टाका. पेशी आहेत त्या अवस्थेत जागच्या जागी थांबतात. तुमच्या पत्रात या पायरीचा उल्लेखच नाही आणि दुसरी मोठी चूक बहुधा तीच आहे. मिश्रण दर वेळी ताजे करा. २४ तासांनी मुळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली की पुढे काही आठवडे केव्हाही वापरता येतात.

स्लाइडच्या दिवशी मुळे १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ५ ते ८ मिनिटे ठेवा. पेशींना एकमेकींशी चिकटवणारे पेक्टिन यात विरघळते. ही पायरी गाळली तर पेशींचे थर एकावर एक राहतात आणि कितीही दाबले तरी सुटे होत नाहीत. वेळ फार वाढली तर मुळाचा लगदा होतो आणि रंगही नीट चढत नाही. हे १ नॉर्मल आम्ल करण्यासाठी संहत आम्ल साधारण ८.३ मिलि घेऊन एकूण १०० मिलि द्रावण करायचे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही, आणि हे काम शिक्षकांनीच करायचे. नंतर मुळे दोनदा पाण्याने धुवा, उरलेले आम्ल रंगाच्या आड येते.

मग टोके अॅसिटोकार्मिनमध्ये दहाएक मिनिटे ठेवा. काचेची बशी हलकी गरम करा, उकळू देऊ नका. रंगातच टोक लोखंडी सुईने फोडावे. लोहाचा अंश मिळाला की कार्मिन गडद बसते, स्टीलच्या चिमट्याने हा फायदा मिळत नाही. टोकाचा मिलिमीटरभर तुकडा स्लाइडवर घ्या, बाकीचा फेकून द्या. कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके ठोका. मग टीपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा किंचित जरी सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

आधी १० पट वस्तुभिंगाखाली चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या पेशींचा घोळका शोधा, मगच ४५ पटीवर जा. चांगल्या स्लाइडमध्येही बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या टप्प्यातच असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पश्चावस्था ओळखायला सर्वांत सोपी, कारण गुणसूत्रांचे दोन गट एकमेकांपासून दूर जाताना स्पष्ट दिसतात. मध्यावस्था, म्हणजे गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर जमतात ती, बाजूने पाहिली तर पट्टा दिसते आणि वरून पाहिली तर विस्कटलेले वर्तुळ. पुस्तकातल्या आकृतीत फक्त पट्टा असल्याने मुले वर्तुळ सोडून देतात. कांद्यात गुणसूत्रे १६ असतात, पण ती मोजण्याचा आग्रह धरू नका. त्यापेक्षा प्रत्येक गटाला शंभर पेशी मोजून कोणत्या टप्प्यात किती आहेत याचा तक्ता करायला लावा. ज्या टप्प्यात पेशी जास्त, त्या टप्प्याला वेळ जास्त लागतो. हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढला की चार अवस्थांची नावे पाठ करून घ्यावी लागत नाहीत.

प्रश्न : कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवके (पेशीतले हिरवे कण) दिसत नाहीत, पण वनस्पती पेशीच्या आकृतीत ती असतात. मुलांना काय सांगावे?

उत्तर : दिसत नाहीत कारण ती तिथे नाहीतच. कांदा जमिनीखाली वाढतो, त्याच्या मांसल पानांना प्रकाश मिळत नाही. पुस्तकातली आकृती अनेक पेशींवरून काढलेली असते, तशी नेमकी एक पेशी शोधून सापडत नाही. वहीत मात्र बहुतेक मुले कांद्याच्या पेशीतही हिरवे ठिपके काढतात, आणि त्याला गुण देणे आपण थांबवले पाहिजे. शेजारी हायड्रिला या पाणवनस्पतीचे पान ठेवा. तळ्यात किंवा मत्स्यालयाच्या दुकानात ते मिळते आणि इतके पातळ असते की काप घ्यावा लागत नाही, अख्खे पान पाण्याच्या थेंबात ठेवले की झाले. दिव्याच्या उजेडात काही मिनिटांनी मध्यशिरेजवळच्या पेशींत हरितलवके कडेकडेने सरकताना दिसतात. त्यानंतर वर्गाला पेशी जिवंत असते हे सांगावे लागत नाही.

प्रश्न : अंकुरित मटकीचे श्वसन दाखवताना तुलनेसाठी उकडलेल्या मटकीची बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्यांतली चुन्याची निवळी (जी कार्बन डायऑक्साइडने दुधाळ होते) दुधाळ झाली. मुले म्हणाली, उकडलेली मटकीही श्वास घेते.

उत्तर : मुलांनी दिसले ते सांगितले, त्यांना चूक म्हणू नका. बाटलीत श्वसन झाले, पण ते मटकीचे नाही, तिच्यावर वाढलेल्या जिवाणूंचे आणि बुरशीचे. उकडलेली मटकी म्हणजे त्यांच्यासाठी तयार जेवण, आणि आपल्या हवेत एका रात्रीत ती आंबते. झाकण उघडून वास घेतला तरी कळेल. त्यामुळे उकडलेले दाणे झाकूनच गार करा, सौम्य जंतुनाशकाने खळबळून घ्या आणि प्रयोग त्याच दिवशी काही तासांत आटोपा. दोन्ही बाटल्यांत मटकी सारखीच हवी, समजा ५०-५० ग्रॅम. तिसरी बाटली तेवढ्याच आकारमानाच्या काचेच्या गोट्यांची ठेवा, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम वेगळा कळतो.

निवळीसाठी पानाच्या टपरीवरचा चुना चालतो. चमचाभर चुना अर्धा लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरचे स्वच्छ पाणी अलगद काढून घट्ट बुचाच्या बाटलीत भरा. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : कार्बन डायऑक्साइड फार झाला तर दुधाळ निवळी पुन्हा स्वच्छ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट बनते. जोमाने श्वसन करणाऱ्या मटकीची बाटली दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसते ती यामुळेच. म्हणून दर अर्ध्या तासाने नोंद घ्या.

प्रश्न : रक्तगट तपासून दाखवावा का? मुलांची फार इच्छा असते.

उत्तर : वर्गात रक्त काढू नका. संसर्गाचा धोका आहे, आणि घरच्यांशी रक्तगट जुळला नाही तर वर्गासमोर मुलावर नको तो प्रसंग येतो. गालाच्या आतल्या पेशी पुरेशा आहेत. ज्याने त्याने आपल्याच गालावरून इअरबड फिरवावा आणि मिथिलिन ब्लूचा एक थेंब घालून पाहावे. वापरलेले बड आणि स्लाइड लगेच ब्लीचच्या पाण्यात टाका.

प्रश्न : दोन नाणी उडवून मेंडेलचे ३:१ गुणोत्तर (दुसऱ्या पिढीत प्रभावी लक्षणाची तीन, तर अप्रभावी लक्षणाचे एक) दाखवतो, पण बहुतेक जोड्यांचे उत्तर जुळत नाही. मग मुले मेंडेलवरच शंका घेतात.

उत्तर : एका जोडीला २० वेळा नाणी उडवायला दिली तर नेमके १५:५ (१५ वेळा निदान एक छाप, ५ वेळा दोन्ही काटे) पाचांतल्या एखाद्या जोडीलाच येणार. १५ च्या जागी ११ पासून १९ पर्यंत काहीही आले तरी नवल नाही. जोड्यांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मग एकत्र करा. वीस जोड्यांचे मिळून ४०० वेळा झाले की बेरीज ३०० च्या आसपास येते, फार तर पंधरा-सतरा इकडे-तिकडे. मेंडेलला दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, म्हणजे २.९६ : १. उंच-बुटक्या झाडांत आकडे लहान होते, ७८७ आणि २७७. तिथे गुणोत्तर २.८४ वर आले. नेमके ३ त्यालाही मिळाले नव्हते, हे मुलांना आकड्यांसकट दाखवा.

याच तासाला एक पक्का गैरसमज काढता येतो. संकराची अपत्ये मांडायच्या चौकटीत चार घरे असतात, म्हणून मुलांना वाटते की चार अपत्यांपैकी तीन उंच असणारच. प्रत्येक जन्म ही स्वतंत्र नाणेफेक असते, आधीच्या अपत्यांचा पुढच्यावर परिणाम होत नाही. चारांपैकी नेमकी तीन प्रभावी लक्षणाची असण्याची शक्यता साधारण ४२ टक्केच, आणि चारही तशी असण्याची जवळजवळ ३२ टक्के. प्रत्येक जोडीला आपल्या २० नोंदींचे चार-चारचे गट पाडायला सांगा, कितीतरी गटांत ४:० किंवा २:२ दिसेल.